कुलपाची धमकी

गेल्या पंधरवड्यात आम्ही एका वस्तीवरच्या बैठकीला गेलो होतो. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळल्या, मंडळी चहाला पांगली. तेवढ्यात एक ताई आमच्याजवळ आल्या. त्यांनी मुलाचे बोट धरलेले होते. त्यांचे पती धाराशिव जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात आठ वर्षांपासून कामाला आहेत. कारखान्याचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण नाव छापले तर उद्या त्रास त्या घराला होईल, आम्हाला नव्हे.

झाले होते ते असे. पंधरा कामगारांनी मिळून युनियनचे फॉर्म भरले, वर्गणी जमा केली. चौथ्या दिवशी पाळी सुटताना साहेबांनी सगळ्यांना गेटजवळ उभे केले आणि सांगितले, "युनियन करायची असेल तर खुशाल करा. मग मी गेटला कुलूप लावतो. किल्ली माझ्या खिशात आहे." एवढे बोलून साहेब गाडीत बसून निघून गेले. पंधरा घरांत त्या रात्री चूल पेटली, पण जेवण गोड लागले नाही. ताईंच्या घरात तर भांडणच झाले. पती म्हणत होते, आता माघार नाही. ताई म्हणत होत्या, फॉर्म परत घ्या, पोराच्या शाळेची फी भरायची आहे.

ताईंनी आम्हाला विचारले, "दादा, एकच इचारते. खरंच कुलूप लावता येतंय का त्यांना? आन लावलंच तर आमी कुठं जायचं?"

तिथल्या तिथे आम्ही पूर्ण उत्तर दिले नाही. उगाच धीर देणे सोपे असते, पण तो दोन दिवसही टिकत नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. दोन्हींचे उत्तर नीट लिहून देतो." आजचे हे सदर म्हणजे ते उत्तर आहे. आणि ते एकट्या ताईंसाठी नाही. असे गेट आणि असे साहेब आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेले आहेत.

वाचकहो, 'बंद करू' हे शब्द आपल्या लोकांना नवे नाहीत. कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आजा-पणज्यांनी ते ऐकले. मेलेली ढोरे ओढायला नकार दिला की बलुते बंद. पाण्याचा हक्क मागितला की वाट बंद. पोराला शाळेत घातले की किराणा बंद. गावाने प्रत्यक्ष बंद करण्याआधी बहुतेक वेळा नुसती धमकीच पुरत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1941 सालच्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तेव्हा प्रश्न वतनाचा होता. ज्याच्या हातात आपली भाकरी, त्याच्याच हातात आपली जीभ, हे वतनाचे दुखणे होते. आज वतन गेले, पण भाकरी आणि जीभ एकाच हातात ठेवण्याची खोड काही गेली नाही.

फरक एक आहे. तेव्हा गावाला विचारणारा कायदा नव्हता. आज आहे. तो किती आहे आणि किती नाही, हे दोन्ही आपल्याला माहीत पाहिजे.

पहिला प्रश्न : मालकाला कारखाना बंद करता येतो का?

याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. आपल्या शेजारच्या सोलापुरात जाऊ. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सगळा मुलूख 'जुनी मिल' म्हणून ओळखत असे. 27 जुलै 1949 रोजी संचालकांनी कामगारांना नोटीस दिली आणि 27 ऑगस्टला गिरणी बंद केली. हजारो घरांची रोजी एका नोटिशीने गेली. 9 जानेवारी 1950 रोजी सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला, आणि त्याच वर्षी त्याचा कायदाही झाला. गैरकारभार व हयगय यांमुळे आवश्यक वस्तूचे उत्पादन बिघडले आणि लोकांत गंभीर बेकारी माजली, असे कारण त्यात लिहिले होते.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कोण घेऊन गेले? कामगार नव्हे. चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक घेऊन गेले. आपल्या मालमत्तेवर आणि समानतेच्या हक्कावर घाला आला, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर 1950 मध्ये पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी त्यांचा अर्ज फेटाळला, दोघांनी उलट मत दिले. कायदा वाचला. पण पुढे द्वारकादास श्रीनिवास हे दुसरे भागधारक गेले आणि डिसेंबर 1953 मध्ये त्याच न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. भरपाई न देता कारभार काढून घेणे म्हणजे मालमत्ताच काढून घेणे होय, असे न्यायालयाचे मत पडले. या आणि अशा निकालांमुळे 1955 साली राज्यघटनेत चौथी दुरुस्ती झाली, आणि लोकहितासाठी ठराविक काळापुरता कारभार सरकारकडे घेण्याची वाट मोकळी झाली.

आम्ही हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. वकिलीच्या पुस्तकांत भागधारकांची नावे अजून छापली जातात. गिरणीत सूत काढणाऱ्या, साचे चालवणाऱ्या हजारोंसाठी मात्र 'बेकारी' एवढा एकच शब्द आहे. गिरणी बंद होण्याचा पहिला मोठा खटला मालमत्तेचा खटला म्हणून लढला गेला. भाकरीचा खटला म्हणून तो कोर्टात यायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

ती वेळ 1976 साली आली. औद्योगिक विवाद कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा असेल तर सरकारची आधी परवानगी घ्या, असा नियम झाला. याला आव्हान दिले मुंबईच्या एक्सेल वेअर या तयार कपडे करणाऱ्या कंपनीने. तिथे सुमारे चारशे कामगार होते. महाराष्ट्र सरकारने परवानगी नाकारली, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 1978 साली घटनापीठाने निकाल दिला : धंदा करण्याच्या हक्कात धंदा बंद करण्याचाही हक्क येतो. हा हक्क अनिर्बंध नाही, त्यावर वाजवी बंधने घालता येतील. पण हा नियम वाजवी नाही. कारणे कितीही खरी असली तरी सरकारला नकार देता येतो, दाद मागायला वरची जागा नाही, म्हणून तो नियम रद्द.

तेव्हा अनेकांना वाटले, संपले. पण संपले नव्हते. न्यायालयाने दाखवलेली छिद्रे बुजवून संसदेने तोच नियम पुन्हा लिहिला, आणि 1984 साली तो लागू झाला. आता तीनशेच्या जागी शंभर कामगारांची मर्यादा आली. मालकाने नव्वद दिवस आधी अर्ज करायचा, त्याची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींना द्यायची. सरकारने दोन्ही बाजू ऐकून, कारणे लिहून निर्णय द्यायचा. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे. निर्णयाचा फेरविचार मागता येतो, प्रकरण न्यायाधिकरणाकडेही जाऊ शकते. या नव्या नियमालाही आव्हान मिळाले. 2002 साली ओरिसा टेक्स्टाईलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वैध ठरवला.

मधल्या काळात मुंबईचा आणखी एक निकाल झाला, तो प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावा असा आहे. एस. जी. केमिकल्स अँड डाईज ट्रेडिंग या कंपनीचे काम तीन ठिकाणी चाले. ट्रॉम्बेला कारखाना, वरळीला औषधांचा विभाग आणि चर्चगेटला विक्रीचे कार्यालय. 1984 साली कंपनीने चर्चगेटचे कार्यालय बंद केले आणि सांगितले, इथे शंभर माणसे नाहीत, परवानगी कशाला? 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले, कारखान्यात होणारा माल याच कार्यालयातून विकला जात होता ना? मग दोन्ही एकाच धंद्याची अंगे आहेत. दोन्हीकडची डोकी एकत्र मोजा. मोजली तर शंभराच्या वर गेली. बंद बेकायदा ठरला आणि कामगारांचे पगार-हक्क शाबूत राहिले.

म्हणजे कागदावर धंद्याचे तुकडे केले म्हणून न्यायालय तुकडेच पाहते असे नाही. ही गोष्ट आपल्याकडे फार उपयोगी आहे. एकाच आवारात दोन पाट्या, तीन ठेकेदार आणि चार हजेरीपुस्तके आपण पाहतोच.

आता आजची स्थिती. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने 1947 चा औद्योगिक विवाद कायदा मागे टाकला. परवानगीची मर्यादा पुन्हा शंभरावरून तीनशेवर नेली. पन्नास ते तीनशेच्या दरम्यान कामगार असतील तर परवानगी लागत नाही. मालकाने सरकारला साठ दिवस आधी नोटीस द्यायची आणि कामगारांना भरपाई द्यायची. भरपाईचा हिशेब साधारण असा, की पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. आठ वर्षे काम केलेल्या माणसाला यातून चार महिन्यांचा पगार मिळेल. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक लहान कारखान्यांत तीनशे कामगार नसतात, हे आम्ही लपवत नाही. ताईंना धीर द्यायचा म्हणून खोटे सांगणार नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, मालकाला कारखाना बंद करता येतो. मोठा असेल तर परवानगीने, मध्यम असेल तर नोटिशीने, आणि कामगारांचे देणे देऊन. किल्ली खिशात आहे म्हणून संध्याकाळी मनात आले आणि सकाळी कुलूप लावले, असे पन्नास कामगारांच्या कारखान्यातही कायद्याने करता येत नाही.

दुसरा प्रश्न : युनियन करू नये म्हणून कुलपाची धमकी देता येते का?

याचे उत्तर स्पष्ट आहे. नाही.

महाराष्ट्राने 1971 साली एक कायदा केला. कामगार संघटनांना मान्यता देणे आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणे, असा त्याचा विषय. 1975 च्या सप्टेंबरपासून तो राज्यात लागू झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मालकांनी काय करू नये याची यादी आहे, आणि त्या यादीच्या अगदी सुरुवातीला तीन गोष्टी आहेत. युनियनमध्ये गेलात तर कामावरून काढू, अशी धमकी. युनियन उभी राहिली तर टाळेबंदी करू किंवा कारखाना बंद करू, अशी धमकी. आणि युनियन बांधली जात असताना नेमकी त्याच वेळी पगारवाढ देऊन माणसे फोडणे. गेटवर साहेब जे बोलले, ते जवळजवळ शब्दशः या यादीत लिहिलेले आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही हेच कलम आलेले आहे. कायदे बदलले, मर्यादा बदलल्या, पण ही धमकी कालही अनुचित होती आणि आजही आहे. तिला तीनशेची अट नाही. तिथे पंधरा कामगार असोत की पंधराशे.

बाबासाहेबांचा यात हात आहे, हे आपल्या मुलांना सांगावे. 1938 साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा संप करणाऱ्या कामगाराला गुन्हेगार ठरवण्याला त्यांनी कडाडून विरोध केला, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्या विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. तिथे 1943 साली त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती मांडली : लायक युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे. याच धर्तीचा दुरुस्ती कायदा 1947 साली मंजूर झाला, त्यात मालकांच्या अनुचित प्रथांची यादीही होती. पण तो कधीच अमलात आणला गेला नाही. मंजूर झालेला कायदा कपाटात राहिला. महाराष्ट्राच्या कामगाराला ती यादी मिळायला 1975 साल उजाडले.

आता कोणी म्हणेल, मालक खरोखर तोट्यात असेल आणि त्याने तसे सांगितले, तर तीही धमकीच का? हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या एका खटल्यात याच प्रश्नाचा कीस पाडला गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावात सिंक्लेअर नावाच्या कंपनीचा कारखाना होता. 1965 साली कामगार युनियन करू लागले तेव्हा कंपनीचे अध्यक्ष त्यांना सांगू लागले, मागे संप झाला तेव्हा कंपनी बुडता बुडता वाचली, आजही तिची स्थिती नाजूक आहे, या भागातले कितीतरी कारखाने बंद पडले आहेत, आणि या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण ठेवणार? सरळ 'बंद करीन' असे ते म्हणाले नाहीत. 1969 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फरक करून दिला. जे होणे मालकाच्या हातात नाही आणि ज्याला हिशेबाचा आधार आहे, ते सांगणे म्हणजे अंदाज. जे करणे त्याच्याच हातात आहे, आणि जे तो युनियनच्या रागाने करणार आहे, ते सांगणे म्हणजे धमकी. अध्यक्षांच्या बोलण्याला हिशेबाचा आधार नव्हता, म्हणून ती धमकी ठरली.

हे माप आपल्या गेटलाही लावून पाहा. साहेबांनी ताळेबंद दाखवला का? मागणी घटली, कर्ज थकले, असे काही सांगितले का? नाही. त्यांनी किल्ली दाखवली. बाजार पडला तर कारखान्याला कुलूप बाजार लावतो. खिशातली किल्ली दाखवणारा माणूस मात्र स्वतःच्या मर्जीची गोष्ट करीत असतो.

आणि कारखाने बंद पडतात ते कशाने, हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ढोकीचा तेरणा साखर कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडला. कित्येक हंगाम त्याच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. कामगारांची देणी अडकली, ऊस दुसरीकडे गेला, बाजारपेठ ओस पडली. पंधरा माणसांनी वर्गणी भरली म्हणून तिथे हे घडले नाही.

दोन प्रश्नांच्या मध्ये एक अवघड जागा आहे. धमकी देणाऱ्याने खरेच कुलूप लावले तर? तो म्हणणार, मी धंदा बंद केला. कामगार म्हणणार, ही बंदच्या नावाखाली टाळेबंदी आहे. 1984 साली मुंबईच्या जनरल लेबर युनियन (लाल बावटा) च्या खटल्यात आपल्याच 1971 च्या कायद्याखाली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने कसोटी सांगितली : बंद प्रामाणिक आहे आणि मालकाच्या हाताबाहेरच्या कारणांनी आहे, की कामगारांना घालवण्यासाठी घेतलेले सोंग आहे, ते पाहा. कुलूप किती दिवस राहिले हेही पाहा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. म्हणजे यंत्रे जागेवर आहेत का, माल दुसऱ्या नावाने निघतो आहे का, महिन्याभराने नवी माणसे भरली का, हे सगळे बोलते. आणि हे पाहणारे डोळे कामगारांचेच असतात.

मात्र कायद्याकडे वेळेचे भान कमी असते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतच दक्षिण कॅरोलिनात डार्लिंग्टन नावाची कापडगिरणी होती. सप्टेंबर 1956 मध्ये कामगारांनी थोड्या मतांच्या फरकाने युनियनच्या बाजूने कौल दिला. आठवड्याच्या आत संचालकांनी गिरणी मोडीत काढायचे ठरवले, नोव्हेंबरात ती बंद झाली, डिसेंबरात यंत्रांचा लिलाव झाला. पाचशेवर माणसे घरी बसली. 1965 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : मालकाने सगळाच धंदा कायमचा गुंडाळला तर तो युनियनच्या रागाने गुंडाळला तरी त्याला अडवता येणार नाही. पण धंद्याचा एक भाग बंद करून बाकीच्या गिरण्यांतल्या कामगारांना दहशत घालायची असेल, तर ते बेकायदा. डार्लिंग्टनचे मालक आणखी पुष्कळ गिरण्या चालवीत होते. कामगार शेवटी जिंकले. पन्नास लाख डॉलरची तडजोड झाली ती 1980 साली. मधे चोवीस वर्षे गेली. तेव्हा कोर्टाच्या भरवशावर चूल ठेवता येत नाही. आमच्या मते कोर्टात जिंकण्याइतकेच धमकीची धार पहिल्याच आठवड्यात बोथट करणे महत्त्वाचे आहे. ती बोथट कशी करायची?

धमकी तोंडी असते, म्हणून ती आधी कागदावर आणा. त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, जागा, साहेबांचे शब्द जसेच्या तसे आणि तिथे उभ्या असलेल्यांची नावे लिहा. दोन-तीन जणांनी वेगवेगळे लिहून सह्या करा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्याला तेवढे वजन राहत नाही.

पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, गेटपास, हजेरीचे कार्ड, यांच्या झेरॉक्स काढून घरात एका पिशवीत ठेवा. हे काम आमच्या भगिनींनी हातात घ्यावे. घर गळू लागले की पहिल्यांदा कागद भिजतात.

आत एकूण किती माणसे काम करतात ते मोजा. ठेकेदाराची, रोजंदारीची, दुसऱ्या पाटीखालची, सगळी नावे लिहा. पन्नास, शंभर, तीनशे या आकड्यांवर किती अवलंबून असते ते वर पाहिलेच.

कोऱ्या कागदावर सही करू नका. 'मी स्वखुशीने राजीनामा देतो' असे छापील कागद अशाच दिवसांत पुढे येतात. वाचायला घरी नेतो म्हणा. नेऊ देत नसतील तर तेही वहीत लिहा.

सात माणसे मिळून युनियनच्या नोंदणीचा अर्ज करू शकतात. मात्र कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. नोंदणी झालेल्या युनियनचे नाव कागदावर आले की एकट्यादुकट्याला गाठणे अवघड जाते.

तक्रारीला उशीर करू नका. राज्याच्या 1971 च्या कायद्यात अनुचित प्रथेविरुद्ध तक्रारीला नव्वद दिवसांची मुदत ठेवलेली आहे. नव्या संहिता आल्यानंतर तुमच्या प्रकरणात कोणत्या दारात जायचे, ते कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला पहिल्याच महिन्यात विचारा. वकिलाला पैसे कुठून आणायचे, असे म्हणू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. 1990 पासून बौद्ध बांधवांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. ताईंच्या घराला हा हक्क तीन बाजूंनी लागू होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक साधा अर्ज द्यायचा असतो.

आता उरला तो घरातला वाद. आम्ही त्या बंधूंना एवढेच सांगू, की बायको नको म्हणते म्हणून ती भित्री आहे असे समजू नका. घरात किती दिवसांचे पीठ आहे ते तिला माहीत असते. संघटनेत जाण्याआधी तिच्यासमोर बसून हिशेब करा. दोन महिने पगार आला नाही तर काय करायचे, कोणत्या भावाकडे किती मागायचे, बचत गटातून किती उचलता येईल, ते आधी ठरवा. पंधरा घरांनी मिळून एक छोटा निधी आजच काढून ठेवला तर साहेबांच्या किल्लीचे वजन अर्ध्याने कमी होईल. आणि ताईंना सांगू, की फॉर्म परत घेतला म्हणून किल्ली साहेबांच्या खिशातून निघत नाही. ती तिथेच राहते आणि पुढच्या वेळी पगार मागितला तरी दिसते. आपल्या आजोबांनी बलुते बंद होण्याच्या भीतीने एकदा माघार घेतली की गाव पुढल्या वेळी आणखी लवकर बंदची भाषा करीत असे. ज्यांनी माघार घेतली नाही त्यांचे हाल झाले, हेही खरे. पण त्यांची नातवंडे आज शाळेत आहेत.

ताईंच्या दोन प्रश्नांची उत्तरे आता थोडक्यात. कुलूप लावता येते का? कायद्याची पायरी चढून आणि देणे देऊन येते, मनात आले म्हणून येत नाही. युनियन करू नये म्हणून कुलूप दाखवता येते का? नाही. तो अपराध आहे, आणि तो कुलूप लावल्यावर नव्हे, दाखवल्याच्या क्षणी घडतो.

हा अंक हातात पडला की ताईंनी तो पतीला मोठ्याने वाचून दाखवावा. मग दोघांनी मिळून वही उघडावी, आणि त्या दिवशीची तारीख पहिल्या ओळीत लिहावी.